पोचपावती

"मॅडम, हिरवी खूण आली होती. मी स्क्रीनशॉटही काढून ठेवला आहे." फोनवरचा आवाज अगदी शांत होता, आणि म्हणूनच मला तो ऐकवत नव्हता. शिष्यवृत्तीच्या अर्जांसाठी आमच्या छोट्या गटाने एक वेबसाइट आणि तिच्या जोडीला मोबाइल ॲप तयार केले होते. मुदत संपून चार दिवस झाले होते, छाननी सुरू झाली होती, आणि या विद्यार्थिनीला "गुणपत्रिका जोडलेली नाही" असा संदेश गेला होता. मी डेटाबेस उघडला. तिच्या अर्जासमोर गुणपत्रिकेची नोंद व्यवस्थित होती: फाइलचे नाव, पीडीएफ हा प्रकार, ८,४१,३२६ बाइट हा आकार, आणि रात्री अकरा वाजून बारा मिनिटांची वेळ. नोंद होती, फाइल मात्र कोठेच नव्हती.

कारण सापडायला दुपार गेली. आमच्या कोडमध्ये फाइल आली की ती आधी सर्व्हरच्या टेम्प, म्हणजे तात्पुरत्या, फोल्डरमध्ये ठेवली जाई, लगेच डेटाबेसात नोंद होई, लगेच फोनला "अपलोड झाले" असे उत्तर जाई, आणि फाइल कायमच्या साठ्यात हलवण्याचे काम मागाहून, वेगळ्या रांगेतून होई. त्या रात्री सव्वाअकरा वाजता आम्ही नवी आवृत्ती चढवली. जुना कंटेनर, म्हणजे सर्व्हरवर आमचा प्रोग्राम ज्या तात्पुरत्या बंदिस्त जागेत चालत होता ती, बंद झाला, त्याची डिस्क त्याच्याबरोबर पुसली गेली, आणि रांगेत थांबलेल्या सात फाइली नाहीशा झाल्या. तो भाग मी लिहिला होता. उत्तर लवकर गेले की ॲप चपळ वाटते, एवढाच विचार मी त्या वेळी केला होता.

मराठी पत्रव्यवहारात "पोच द्यावी" असे दोन शब्द असतात. पत्र मिळाले, ते आता माझ्या ताब्यात आहे आणि यापुढची जबाबदारी माझी, एवढे सगळे त्या पोचेत येते. फाइल अपलोड हा प्रोग्रामिंगमधला किरकोळ भाग समजला जातो. तयार लायब्ररी घ्यावी, दहा-बारा ओळी लिहाव्यात आणि पुढे जावे, अशी आपली सवय असते. त्या फोननंतर मी ही सवय सोडली. अपलोडचे सगळे तंत्र शेवटी एका पोचपावतीसाठी असते, आणि ती पावती केव्हा द्यायची हाच त्यातला सर्वांत अवघड निर्णय असतो, असे मला आता वाटते.

वेबला फाइल स्वीकारता येऊ लागली ती जरा उशिराच. सुरुवातीच्या फॉर्ममधून फक्त मजकूर पाठवता येत असे. नोव्हेंबर १९९५ मध्ये लॅरी मासिंटर आणि अर्नेस्टो नेबेल यांनी आरएफसी १८६७ हा, इंटरनेटच्या पद्धती मांडणाऱ्या मालिकेतला दस्तऐवज मांडला आणि फॉर्ममध्ये फाइल निवडण्याची सोय कशी असावी हे त्यात सांगितले. त्यासाठी त्यांनी ई-मेलमधली जोडपत्रांची पद्धत उचलली. आजही ब्राउझर फॉर्ममधली फाइल पाठवतो तेव्हा तो त्याच वळणाने पाठवतो: प्रथम एक सीमारेषा ठरवली जाते, म्हणजे सत्तरपर्यंत अक्षरांची अशी एखादी माळ जी फाइलच्या आत कोठेही आलेली नसावी, मग ती रेषा, तिच्याखाली दोन-तीन ओळींची ओळखपत्रासारखी माहिती, एक कोरी ओळ, आणि त्यानंतर फाइलचे बाइट जसेच्या तसे. पुढचा भाग आला की पुन्हा तीच रेषा, आणि अगदी शेवटी त्याच रेषेला जोडलेल्या दोन आडव्या रेघा. मला ही रचना फार आवडते, कारण ती उघडून वाचता येते. एकदा तरी प्रत्येक नव्या सहकाऱ्याने हा प्रवाह कच्च्या स्वरूपात डोळ्यांनी पाहावा, असा माझा आग्रह असतो.

मोबाइल ॲप लिहिणारे पुष्कळ जण ही पद्धत टाळून फोटोचे बेस-६४ मध्ये, म्हणजे साध्या अक्षरांच्या माळेत, रूपांतर करतात आणि तो जेसन या मजकुरी स्वरूपाच्या आत कोंबून पाठवतात. दर तीन बाइटांची चार अक्षरे होत असल्याने फाइल एक तृतीयांशाने जड होते, आणि ती सबंध मेमरीत घेऊनच उलगडावी लागते. लहानशा स्वाक्षरीच्या चित्रासाठी हे चालेल, कागदपत्रांसाठी चालू नये.

त्या ओळखपत्रासारख्या दोन-तीन ओळींत काय असते, ते मात्र नीट पाहायला हवे. फाइलचे नाव असते आणि तिचा प्रकार असतो. ही दोन्ही माहिती पाठवणाऱ्याच्या बाजूने आलेली असते. ती खरी असल्याची हमी कोणीही दिलेली नसते. प्रोग्राम लिहून पाठवणारा माणूस तेथे हवे ते लिहू शकतो, आणि ब्राउझरसुद्धा बहुतेक वेळा नावाच्या शेवटच्या तीन-चार अक्षरांवरूनच प्रकार ठरवतो. म्हणून सर्व्हरने फाइल उघडून तिचे पहिले काही बाइट स्वतः वाचले पाहिजेत. जेपेग फाइल २५५, २१६, २५५ या बाइटांनी सुरू होते. पीडीएफच्या आरंभी टक्क्याचे चिन्ह आणि पीडीएफ ही अक्षरे असतात. झिपच्या, म्हणजे फाइली दाबून एकत्र बांधण्याच्या स्वरूपाच्या, आरंभी पी आणि के ही दोन अक्षरे असतात, ती ते स्वरूप तयार करणाऱ्या फिल कॅट्झ यांच्या नावाची आद्याक्षरे. आणि वर्डची आजची फाइलही आतून झिपच असल्यामुळे तीही त्याच दोन अक्षरांनी उघडते, त्यामुळे तेवढ्यावर थांबून भागत नाही.

या सगळ्यांत पीएनजी या चित्रस्वरूपाची सही, म्हणजे आरंभीचे ठरलेले बाइट, मला सर्वांत विचारपूर्वक घडवलेली वाटते. तिचे आठ बाइट असे आहेत: १३७, ८०, ७८, ७१, १३, १०, २६, १०. पहिल्यानंतरचे तीन म्हणजे पी, एन, जी ही अक्षरे. पहिला १३७ मुद्दाम १२७ च्या वरचा घेतला आहे; वाटेत एखाद्या जुन्या यंत्रणेने प्रत्येक बाइटाचा आठवा बिट छाटला, तर हा आकडा लगेच बदलतो आणि फाइल बिघडल्याचे पहिल्याच बाइटाला कळते. १३ आणि १० ही ओळ संपल्याची जोडचिन्हे आहेत. फाइलला मजकूर समजून कोणी ओळींची चिन्हे बदलली, तर ती येथे पकडली जातात, आणि शेवटचा एकटा १० उलट दिशेने झालेला बदल पकडतो. २६ मुळे डॉस या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये चुकून ती फाइल पडद्यावर छापायला घेतली, तर छपाई तेथेच थांबते. म्हणजे १९९६ साली हे स्वरूप जाहीर करणाऱ्यांनी प्रवासात काय काय बिघडू शकते याचा हिशेब फाइलच्या पहिल्या आठ बाइटांत मांडून ठेवला. मी हे पहिल्यांदा समजून घेतले तेव्हा एखाद्या जाणत्या माणसाने आपल्यासाठी चिठ्ठी लिहून ठेवावी आणि ती आपल्याला उशिरा सापडावी, तसे वाटले होते.

नावाचा प्रश्न त्याहून नाजूक आहे, कारण नाव माणसाने दिलेले असते. दोन टिंबे आणि तिरकी रेघ यांची साखळी नावात घालून सर्व्हरच्या भलत्याच फोल्डरमध्ये फाइल लिहिता येते, हा जुना आणि अजूनही चालणारा हल्ला आहे. म्हणून आलेल्या नावाने फाइल साठवूच नये. तिला आपण तयार केलेला एक यादृच्छिक क्रमांक द्यावा आणि मूळ नाव डेटाबेसात फक्त मजकूर म्हणून जपावे. ब्राउझरही या बाबतीत शहाणे झाले आहेत. आपण निवडलेल्या फाइलचा पत्ता संकेतस्थळाने विचारला, तर ते खरा पत्ता न सांगता "सी:\फेकपाथ\" असा खोटा फोल्डर दाखवतात, कारण कोणाच्या संगणकावर कोणते फोल्डर आहेत हे दुसऱ्याला कळण्याचे कारण नाही.

देवनागरी नावांनी मला जे शिकवले ते मात्र कोणत्याही मार्गदर्शिकेत मिळाले नसते. आमच्या चाचणीत एका सहकाऱ्याने "दुसऱ्या सत्राची गुणपत्रिका" या नावाची फाइल जुन्या मॅकवरून चढवली. यादीत ती दिसत होती, उघडायला गेले की "फाइल सापडली नाही". नाव टाइप करून शोधले तरी सापडेना, आणि यादीतून उचलून शोधले की सापडे. पडद्यावर दोन्ही नावे तंतोतंत सारखी होती. शेवटी दोन्हींचे बाइट एकाखाली एक मांडले तेव्हा उलगडा झाला. मराठीतला "ऱ" युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या संकेतावलीत, दोन प्रकारे लिहिता येतो: स्वतंत्र अक्षर म्हणून, किंवा साधा "र" घेऊन त्याच्यापुढे नुक्ता, म्हणजे अक्षराखालचे टिंब, देऊन. मॅकची जुनी एचएफएस प्लस ही फाइल व्यवस्था नावे अशी सुटी करून साठवत असे. त्यामुळे एका "दुसऱ्या"त सात चिन्हे आणि एकवीस बाइट होते, दुसऱ्या "दुसऱ्या"त आठ चिन्हे आणि चोवीस बाइट. तुलना करण्यापूर्वी दोन्ही नावे एनएफसी या एकाच प्रमाण रूपात आणणे, हा त्यावरचा एका ओळीचा उपाय आहे. ती ओळ आमच्या कोडमध्ये आजही तशीच आहे आणि तिच्यावरची टीप मी मराठीत लिहिली आहे.

देवनागरीचे प्रत्येक चिन्ह युटीएफ-८ या युनिकोड साठवण्याच्या नेहमीच्या पद्धतीत तीन बाइट घेते, हेही येथेच लक्षात ठेवावे. लिनक्सच्या नेहमीच्या फाइल व्यवस्थेत नावाला २५५ बाइटांची मर्यादा असते. म्हणजे काना, मात्रा आणि हलन्त धरून पंच्याऐंशी चिन्हे. कार्यालयीन मराठीत लिहिलेले एखादे लांबलचक शीर्षक ही मर्यादा सहज ओलांडते, आणि बाइट मोजून कापले तर अक्षर मध्येच तुटते.

आतल्या मजकुराबद्दल सावध राहण्याची कारणे अनेक आहेत. त्यांतली दोन-तीनच सांगते. ४२.झिप या नावाने ओळखली जाणारी फाइल अवघी बेचाळीस किलोबाइटांची आहे, आणि तिच्यातले सगळे थर उलगडले तर साडेचार पेटाबाइट होतात. त्यामुळे आलेल्या फाइलच्या आकारावर मर्यादा घालून काम संपत नाही, उलगडल्यानंतरच्या आकारावरही ती घालावी लागते. चित्रांच्या बाबतीत त्याच कारणाने पिक्सेल मोजावे लागतात. मे २०१६ मध्ये इमेजमॅजिक या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या साधनातली त्रुटी उघड झाली, तेव्हा मुद्दाम घडवलेले एखादे "चित्र" अपलोड करून त्या सर्व्हरवर हवी ती आज्ञा चालवता येते, असे दिसून आले. फाइलची लघुप्रतिमा तयार करणे, हे आपण किती सहजपणे करतो! तेव्हापासून आम्ही हे काम वेगळ्या, कमी अधिकारांच्या प्रक्रियेत करतो, आणि लोकांनी चढवलेल्या फाइली मुख्य संकेतस्थळाच्या डोमेनवरून दाखवत नाही.

फोटोच्या बाबतीत आणखी एक जबाबदारी असते, ती पाठवणाऱ्याच्या वतीने. फोनच्या कॅमेऱ्याने काढलेल्या छायाचित्रात एक्झिफ नावाची, डोळ्यांना न दिसणारी माहिती असते, आणि स्थान नोंदवणे चालू असेल तर अक्षांश-रेखांशही असतात. घरात बसून कागदाचा फोटो काढणाऱ्याला, आपण त्याबरोबर घराचा पत्ताही देत आहोत याची कल्पना नसते. ती माहिती काढून टाकणे हे आपले काम आहे. मात्र त्याच एक्झिफमध्ये फोन कसा धरला होता हे सांगणारा एक ते आठ यांतला आकडाही असतो. आधी चित्र त्याप्रमाणे फिरवून घेतले नाही आणि माहिती तशीच पुसली, तर कागद आडवा पडतो. आमच्याकडे एका संध्याकाळी तीसेक ओळखपत्रे अशी आडवी पडली होती.

येथे एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते. फाइलवर जितका संशय घ्यावा तितका थोडाच, पण त्या संशयाचा सूर पाठवणाऱ्याला ऐकू जाता कामा नये. आयफोन २०१७ पासून, म्हणजे आयओएस ११ पासून, छायाचित्रे हाइक या स्वरूपात साठवू शकतो. आत्ताच, आपल्याच हाताने काढलेल्या फोटोला "अवैध फाइल" असे लाल अक्षरांत उत्तर मिळाले, तर त्या माणसाने काय समजावे? स्वरूप बदलून घेणे सर्व्हरला शक्य असेल तर ते सर्व्हरने करावे. आकाराची मर्यादा फाइल निवडण्याच्या आधी दिसावी. इंजिन-एक्स हा सर्व्हर काहीच न सांगितल्यास एक मेगाबाइटाच्या वरचे काही स्वीकारत नाही आणि ४१३ हा त्रुटीचा क्रमांक परत करतो, पीएचपी या वेबसाठीच्या प्रोग्रामिंग भाषेची मूळ मर्यादा दोन मेगाबाइटांची आहे. या मर्यादा आपण तपासून ठरवल्या नाहीत, तर ज्या माणसाला ४१३ म्हणजे काय हे ठाऊक असण्याचे कारण नाही त्याच्यापुढे तो आकडा जाऊन उभा राहतो.

मोबाइलवर मुख्य अडचण नेटवर्कची असते. माणूस लिफ्टमध्ये शिरतो, बोगद्यातून जातो, मध्येच फोन येतो, ॲप मागे जाते आणि ऑपरेटिंग सिस्टिम ते बंद करते. आयओएस ७ पासून पार्श्वभूमीत चालणारे अपलोड सिस्टिमच्या हवाली करता येते, अँड्रॉइडवर त्यासाठी वर्कमॅनेजर ही सोय आहे. अँड्रॉइडमध्ये निवडलेल्या फाइलचा जो पत्ता ॲपला मिळतो, त्यावरची परवानगी बहुधा तात्पुरती असते. ॲप पुन्हा सुरू झाल्यावर तोच पत्ता उघडत नाही. म्हणून निवडल्या क्षणीच प्रत काढून ठेवावी किंवा टिकणारी परवानगी मागून घ्यावी. आणि तुटलेले अपलोड पहिल्यापासून सुरू करायला लावू नये. टस नावाच्या खुल्या प्रोटोकॉलमध्ये यासाठी एक साधी रीत आहे: फोन आधी सर्व्हरला विचारतो की तुझ्यापर्यंत किती बाइट आले, सर्व्हर आकडा सांगतो, आणि फोन तेथून पुढचे पाठवतो. किती पोहोचले हे पाठवणाऱ्याने ठरवायचे नसते, घेणाऱ्याने सांगायचे असते. मला त्या एका प्रश्नोत्तरात सगळा विषय दिसतो.

याच कसोटीवर प्रोग्रेस बार तपासून पाहिला तर तो पुरेसा ठरत नाही. ब्राउझरला कळते ते एवढेच की इतके बाइट आपल्या हातून सुटले. शंभर टक्के याचा अर्थ सगळे निघाले असा होतो, सगळे पोहोचले असा होत नाही. अॅमेझॉनच्या एस-थ्रीसारख्या साठ्यात फोनवरून थेट फाइल पाठवण्याची पद्धत आता रूढ आहे. सर्व्हर स्वाक्षरी केलेला, ठरावीक मुदतीचा पत्ता देतो आणि फोन तेथे फाइल टाकतो. मोठी फाइल असेल तर तिचे तुकडे करता येतात, शेवटचा सोडून प्रत्येक किमान पाच मेगाबाइटांचा, आणि जास्तीत जास्त दहा हजार. पद्धत चांगली आहे, पण फाइल पोहोचली असे सर्व्हरला कोण सांगणार? फोनच सांगतो. म्हणजे पुन्हा पाठवणाऱ्याचाच शब्द. सर्व्हरने स्वतः साठ्याला विचारून, आकार आणि हॅश, म्हणजे फाइलच्या बाइटांवरून काढलेला तिच्या ठशासारखा आकडा, जुळवून पाहिल्याखेरीज तो शब्द मान्य करू नये.

त्या सात फाइलींनंतर आम्ही पावतीची रीत बदलली. आता फोन फाइल पाठवण्यापूर्वी तिचा एसएचए-२५६ हॅश काढतो. सर्व्हर फाइल कायमच्या साठ्यात लिहितो, तेथून परत वाचतो, हॅश जुळवतो, आणि त्यानंतरच डेटाबेसात नोंद होते. नोंदीनंतर उत्तर जाते. तोपर्यंत पडद्यावर आधी "पाठवत आहोत" आणि मग "मिळाली, तपासत आहोत" असे दिसते. हिरवी खूण सर्वांत शेवटी येते. उत्तर वाटेत हरवले आणि फोनने तीच फाइल पुन्हा पाठवली, तर प्रत्येक प्रयत्नाबरोबर जाणाऱ्या त्याच एका क्रमांकावरून सर्व्हर ती ओळखतो आणि दुसरी प्रत न करता तीच पावती पुन्हा देतो. खूण यायला पूर्वीपेक्षा दोन-तीन सेकंद जास्त लागतात. एका बैठकीत त्याबद्दल तक्रार आली होती. मी तो स्क्रीनशॉट दाखवला, आणि ते सेकंद कमी करायचे नाहीत असे ठरले.

त्या सात जणांना मी स्वतः फोन केले. चूक आमची आहे, तुमची फाइल आमच्यापर्यंत आली होती आणि आमच्याकडून गेली, असे प्रत्येकाला सांगितले. छाननी करणाऱ्या संस्थेला मात्र पुरावा हवा होता, आणि ते रास्त होते; मुदतीनंतर बदललेला कागद कोणी स्वीकारावा? आमच्याजवळ फक्त ती नोंद होती. मी त्या विद्यार्थिनीला म्हटले, "तुझ्या फोनमध्ये मूळ पीडीएफ असेल तर ती काहीही न बदलता मला ई-मेलने पाठव." ती म्हणाली, "मॅडम, मी ती पुसलेलीच नाही. तुमचा निर्णय येईपर्यंत ठेवणार होते."

दहा मिनिटांत मेल आला. मी फाइल उतरवून घेतली आणि तिच्या माहितीची चौकट उघडली. आकार ८,४१,३२६ बाइट.